कशाच्या आधी?

फ्रेंच शिकायला लागून दीडएक वर्ष झाले असेल, तेव्हा मी अलिबागच्या सहलीवर एक निबंध लिहिला होता आणि ती वही माझ्या कपाटात अजून आहे. चौदा वाक्यांचा तो निबंध. आम्ही गेटवेहून मांडव्याची बोट पकडली होती, मांडव्याहून बसने अलिबागला पोहोचलो होतो, किनाऱ्यावर शहाळी प्यायलो होतो, ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत गेलो होतो, किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन घेतले होते, असे सगळे एकामागून एक सांगितलेले. मनातले मराठी वाक्य जसेच्या तसे फ्रेंचमध्ये उतरवायचे, अशी माझी त्या वेळची पद्धत होती. आणि मराठी वाक्यांच्या शेवटी ‘होतो’ आणि ‘होते’ येत आहेत म्हटल्यावर फ्रेंचमध्ये नुकताच शिकवलेला प्ल्युस-क-पार्फे हा काळ वापरायचा, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्या बाईंनी चौदांपैकी तेरा वाक्यांखाली लाल रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले: ‘आव्हाँ क्वा?’ म्हणजे ‘कशाच्या आधी?’

चौदाव्या वाक्यापुढे मात्र बरोबरची खूण होती. ते वाक्य असे होते: आम्ही किल्ल्यातून परत निघालो तेव्हा भरतीला सुरुवात झाली होती. ‘ला मारे आव्हे देजा कोमाँसे आ मोंते.’

त्या तेरा रेघा आणि ती एक खूण यांचा अर्थ पुरता कळायला मला बराच काळ लागला. आता गेली सतरा वर्षे मी स्वतः फ्रेंच शिकवते, आणि दर तुकडीत हा धडा आला की तो निबंध मला आठवतो, कारण विद्यार्थी बदलले तरी तीच तेरा वाक्ये वेगवेगळ्या अक्षरांत माझ्यासमोर येत राहतात. कोणी महाबळेश्वरला गेलेले असते, कोणी मावसबहिणीच्या लग्नाला. नियम शिकवायला दहा मिनिटे पुरतात. तो कुठे लावायचा हे शिकवायला सहा महिनेही अपुरे पडतात.

त्या दहा मिनिटांचे आधी सांगते. ‘बोलणे’ या अर्थाचे ‘पार्ले’ हे अगदी सरळ, नियमित क्रियापद घ्यावे; मुंबईकराला ते ऐकताच स्टेशन आठवते आणि त्यामुळे ते लवकर पाठ होते. प्ल्युस-क-पार्फे या काळात दोन तुकडे असतात. पहिला तुकडा साहाय्यक क्रियापदाचा, म्हणजे बहुतेक वेळा ‘जवळ असणे’ या अर्थाच्या ‘आव्हुआर’चा, आणि तो अँपार्फे या अपूर्ण भूतकाळात चालवायचा, दुसरा तुकडा मुख्य क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधिताचा. ‘आव्हुआर’चे अँपार्फे पाठ नसले तरी अडत नाही, कारण ते घडवता येते: वर्तमानकाळातले ‘नू झाव्हों’ घ्यायचे, शेवटचा ‘ओं’ काढून टाकायचा आणि उरलेल्या अंगाला ठरलेले प्रत्यय लावायचे. मग मी बोलले होते म्हणजे ‘जाव्हे पार्ले’, तू बोलला होतास म्हणजे ‘त्यू आव्हे पार्ले’, तो बोलला होता म्हणजे ‘इल आव्हे पार्ले’, आम्ही बोललो होतो म्हणजे ‘नू झाव्हियों पार्ले’, तुम्ही बोलला होतात म्हणजे ‘व्हू झाव्हिये पार्ले’ आणि ते बोलले होते म्हणजे ‘इल झाव्हे पार्ले’. सहा घरे भरली. दुसरा तुकडा सहाही घरांत जसाच्या तसा राहतो, आणि हे ऐकून वर्गाला नेहमीच हायसे वाटते.

पण हीच रूपे मोठ्याने म्हणून पाहिली की कानाची परीक्षा सुरू होते. मी, तू, तो आणि ते या चारही घरांत ऐकू येते ते एकच ‘आव्हे’. लिहिताना त्यांच्या शेवटी एस, पुन्हा एस, मग टी आणि अखेरीस ई-एन-टी ही अक्षरे लिहावी लागतात, पण त्यांपैकी एकही तोंडातून बाहेर पडत नाही. ‘तो बोलला होता’ आणि ‘ते बोलले होते’ यांत ऐकण्यापुरता फरक फक्त एका ‘झ’चा, झाडातल्या झचा: ‘इल आव्हे’ आणि ‘इल झाव्हे’. अनेकवचनी सर्वनामाच्या शेवटी एरवी मुका असलेला एस पुढच्या स्वराला भेटला की जागा होतो आणि तेवढ्या एका ध्वनीवर एक माणूस की अनेक माणसे हे ठरते. त्यात बोलण्याच्या फ्रेंचमध्ये ‘नू’ची जागा बहुधा ‘ओं’ हे सर्वनाम घेते आणि ‘आम्ही बोललो होतो’चे ‘ओं नाव्हे पार्ले’ होते, म्हणजे तिथेही पुन्हा ‘आव्हे’च. पुरुष, वचन, कधीकधी लिंगही क्रियापदाच्या शेपटीवरून ओळखण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला सुरुवातीला हे फार उघडेबोडके वाटते. ‘गेलो होतो’ म्हटले की कोण ते सांगावे लागत नाही. ‘आव्हे’ म्हटले की सांगावेच लागते, म्हणून तर फ्रेंच वाक्याला आपले सर्वनाम टाकता येत नाही.

दुसऱ्या तुकड्याची अडचण लिहिण्याची आहे. ‘पार्ले’ हे मूळ रूपही तसेच उच्चारले जाते, धातुसाधितही तसेच आणि ‘तुम्ही बोलता’मधले रूपही तसेच, लिहिताना मात्र पहिल्याच्या शेवटी ई-आर, दुसऱ्याच्या शेवटी डोक्यावर तिरकी मात्रा दिलेला ई आणि तिसऱ्याच्या शेवटी ई-झेड. फ्रान्समधली शाळकरी मुलेही यात गोंधळतात, आणि त्यांना शिकवली जाणारी युक्ती मी माझ्या वर्गातही वापरते: जिथे शंका येईल तिथे ‘विकणे’ या अर्थाचे क्रियापद ठेवून पाहायचे, कारण त्याचे मूळ रूप ‘व्हाँद्र’ आणि धातुसाधित ‘व्हाँद्यू’ कानाला अगदी निराळी लागतात. ‘व्हाँद्यू’ बसले की तिरक्या मात्रेचा ई, ‘व्हाँद्र’ बसले की ई-आर. अर्थ हास्यास्पद झाला तरी चालतो, व्याकरण उत्तर देते. नियमित क्रियापदांच्या उरलेल्या दोन गणांबद्दल फार सांगण्यासारखे नाही: ‘फिनीर’चे ‘फिनी’ होते, ‘व्हाँद्र’चे ‘व्हाँद्यू’, आणि पहिला तुकडा तोच राहतो.

नकार कसा येतो हे मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. ‘मी बोलले नव्हते’ म्हणजे ‘ज नाव्हे पा पार्ले’. नकाराचे दोन्ही तुकडे साहाय्यक क्रियापदाला पुढूनमागून बिलगतात आणि मुख्य क्रियापदाला स्पर्शही करत नाहीत. आपणही तेच करतो. ‘बोलले’ला आपण हात लावत नाही, ‘होते’चे ‘नव्हते’ करतो. ही गोष्ट फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की वर्गात एक प्रकारची ओळख पटल्याची शांतता पसरते, आणि शिकवण्याच्या कामात मला सर्वांत प्रिय असलेले क्षण हेच आहेत.

आता त्या तेरा रेघांकडे येते. मराठीतला पूर्ण भूतकाळ आणि फ्रेंचमधला प्ल्युस-क-पार्फे यांची बांधणी इतकी सारखी आहे की त्यांचे कामही सारखेच असणार असे वाटावे. आणि काही जागी ते सारखे असतेही. ‘मी पोहोचले तेव्हा तो निघाला’, ‘मी पोहोचले तेव्हा तो निघत होता’ आणि ‘मी पोहोचले तेव्हा तो निघाला होता’ ही तीन वाक्ये म्हणजे तीन निरनिराळ्या हकिकती आहेत. पहिल्यात तो मला पाहून उठला असावा, दुसऱ्यात दारात भेट झाली, तिसऱ्यात खुर्ची रिकामी होती. फ्रेंचमध्ये पहिल्यासाठी पासे कोंपोझे हा नेहमीचा भूतकाळ, दुसऱ्यासाठी अँपार्फे आणि तिसऱ्यासाठी प्ल्युस-क-पार्फे येतो, आणि तिन्ही हकिकती नेमक्या तशाच उभ्या राहतात. या तीन वाक्यांपुरते पाहिले तर मराठी माणसाला फ्रेंचने शिकवण्यासारखे काहीच नाही.

घोटाळा होतो तो ‘मी काल मंडईत गेले होते’ या वाक्यापाशी. हे वाक्य आपण दिवसातून दहादा बोलतो आणि त्यात दुसरी कुठलीही घटना नसते. त्यातल्या ‘होते’चे काम काय, असे मी विद्यार्थ्यांना विचारते तेव्हा सुरुवातीला कोणालाच सांगता येत नाही, कारण ज्या भाषेत आपण वाढलो तिच्याकडे बाहेरून पाहण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. मग मी दुसरे वाक्य देते: ‘आई मंडईत गेली.’ आई आता कुठे आहे? बहुधा मंडईतच. ‘आई मंडईत गेली होती.’ आई आता कुठे आहे? घरी. हा ‘होती’ त्या घटनेभोवती कुंपण घालतो आणि सांगतो की ते प्रकरण पूर्ण झाले, त्याचा परिणाम आता समोर नाही, ते आजच्या क्षणापासून तुटले आहे. ‘आम्ही हे घर वीस वर्षांपूर्वी घेतले होते’ या वाक्यातही तेच घडते. तिथे आपण काळाचे अंतर दाखवतो आणि ते अंतर आजपासून मोजतो.

फ्रेंच ते अंतर आजपासून मोजत नाही. तिला भूतकाळातच रोवलेला आणखी एक खुंटा लागतो आणि त्या खुंट्यापासून मागे दोरी ताणली तरच ती हा काळ वापरू देते. मंडईत जाऊन परत आले एवढेच सांगायचे असेल तर ‘ज स्वी आले’ म्हणायचे, साध्या पासे कोंपोझेत. ‘जेते आले’ म्हटले की ऐकणारा फ्रेंच माणूस वाट पाहत थांबतो: गेली होतीस, मग काय झाले? कोणी आले का? फोन वाजला का? पाऊस पडला का? आपण मात्र पूर्णविराम देऊन मोकळे झालेलो असतो. बाईंचा ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न तो हाच. किनाऱ्यावर शहाळी प्यायलो होतो, कशाच्या आधी? गणपतीचे दर्शन घेतले होते, कशाच्या आधी? माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी फक्त आजपासून मागे पाहत होते. भरतीच्या वाक्यात मात्र खुंटा होता. आम्ही परत निघालो, आणि त्या निघण्याच्या आधीच पाणी चढायला लागले होते. पाऊल टाकले तेव्हा वाळूचा ओला पट्टा पाण्याखाली गेला होता. ते एकच वाक्य मी फ्रेंचसारखा विचार करून लिहिले होते, आणि तेही नकळत.

याला एक पुरवणी जोडायला हवी, नाहीतर नियम फार कडक वाटेल. खुंटा दरवेळी शब्दांत सांगितलेला असतोच असे नाही. गर्दीत ओळखीचे कोणी अचानक समोर आले तर फ्रेंच माणूस म्हणतो, ‘मी तुला पाहिलंच नव्हतं’, प्ल्युस-क-पार्फेतच, आणि खुंटा म्हणजे आत्ता, या क्षणी झालेली नजरभेट. गॅसवर दूध ठेवल्याचे एकदम आठवले की आपण ‘विसरलेच होते’ म्हणतो. फ्रेंचमध्येही ‘जाव्हे ऊब्लिये’ असेच म्हणतात, आणि इथे खुंटा म्हणजे ते आठवणे. पाहुणा दारात उभा राहून ‘जरा एक विचारायला आलो होतो’ म्हणतो तेव्हा तो अजून आलेलाच असतो, परत गेलेला नसतो, तरीही आजच्या क्षणापासून एक पाऊल मागे सरकून तो आपले मागणे सौम्य करतो. फ्रेंचमध्येही सौजन्याचा असा प्ल्युस-क-पार्फे आहे: ‘जेते व्हनी व्हू दमाँदे’, मी आपल्याला विचारायला आलो होतो. तुळशीबागेतल्या वाड्याच्या दारात आणि फ्रान्समधल्या एखाद्या दारात माणसे संकोचली की एकाच काळाचा आधार घेतात, याचे मला आजही नवल वाटते.

या काळाच्या नावाबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. प्ल्युस-क-पार्फे म्हणजे शब्दशः ‘पार्फेपेक्षा अधिक’, आणि पार्फे म्हणजे सर्वगुणसंपन्न असा अर्थ घेतला तर नाव अगम्य होते. इथे पार्फेचा अर्थ ‘पूर्ण झालेले’ असा आहे. जे पूर्ण झाले त्याच्याही पलीकडचे, म्हणून अधिक. हे नाव लॅटिन व्याकरणकारांचे आहे. लॅटिनमध्ये ‘मी प्रेम केले होते’ हे ‘अमावेराम’ या एकाच शब्दात सांगता येत असे, आणि पोर्तुगीज भाषेने तो एकशब्दी काळ लिखित स्वरूपात आजही जपला आहे: ‘फालारा’ म्हणजे ‘बोलला होता’. गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या पोर्तुगीज शिकलेल्या मंडळींना हे रूप पुस्तकांतून ठाऊक असेल. फ्रेंचने मात्र ते गमावले. साधारण ८८० सालच्या संत युलालीवरच्या काव्यात, म्हणजे फ्रेंचमधल्या अगदी आरंभीच्या साहित्यकृतीत, ‘आउरेत’ असा एक शब्द येतो. तो त्या लॅटिन एकशब्दी रूपाचा वंशज, पण तिथेही त्याचा अर्थ साध्या भूतकाळाइतकाच उरला आहे. पुढे ही रूपे भाषेतून नाहीशी झाली.

जुने रूप गेले तरी काम शिल्लक होते, म्हणून भाषेने दोन तुकडे जोडून नवे रूप बांधले. लॅटिनमध्ये ‘माझ्यापाशी लिहिलेले पत्र होते’ अशा अर्थाची एक रचना होती, तिच्यातले ‘माझ्यापाशी होते’ हळूहळू झिजून साहाय्यक क्रियापद झाले. आणि इथे संस्कृत शिकलेल्या माणसाचे कान टवकारले जातात. ‘मया पत्रं लिखितम् आसीत्’ हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते: माझ्याकडून पत्र लिहिले गेलेले होते. लिखितम् हे पत्राचे विशेषण, म्हणून ते पत्राच्या लिंगवचनानुसार चालते. मराठीचा कर्मणी प्रयोग याच वाटेने आला. म्हणून तर मी पत्र ‘लिहिले होते’, चिठ्ठी ‘लिहिली होती’ आणि निबंध ‘लिहिला होता’. लिहिणारी मी तीच, पण क्रियापद माझ्याकडे न बघता लिहिलेल्या वस्तूकडे बघते.

फ्रेंच धातुसाधितही वस्तूकडे बघते, पण एका अटीवर: ती वस्तू आधी येऊन गेलेली असली पाहिजे. ‘मी चिठ्ठी पोस्टात टाकली होती’ असे सरळ वाक्य असेल तर ‘जाव्हे पोस्ते’मधल्या ‘पोस्ते’ला काही होत नाही. ‘मी पोस्टात टाकली होती ती चिठ्ठी’ अशी चिठ्ठी आधी आणली की लगेच शेवटी स्त्रीलिंगाचा एक जास्तीचा ई लागतो आणि अनेक चिठ्ठ्या असतील तर त्यावर एस. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने आपल्या शिष्यांसाठी हा नियम पद्यात सांगितला आणि त्यासाठी इटालियन भाषेचा दाखला दिला. तेव्हापासून तो फ्रेंच शाळांतल्या मुलांना छळतो आहे. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी ‘आव्हुआर’बरोबरचा हा नियम सोडून द्यावा अशी जाहीर मागणी केली तेव्हा बराच वाद झाला. त्या मागणीमागची तळमळ मला समजते, कारण नियमित क्रियापदांत हा जास्तीचा ई ऐकूच येत नाही, केवळ शुद्धलेखनाच्या तपासनीसाला दिसतो. तरीही तो नियम गेला तर मला मनापासून वाईट वाटेल. फ्रेंच मातृभाषा असलेल्या मुलाला जे निव्वळ घोकावे लागते, ते मराठी मुलाच्या जिभेवर जन्मापासून असते. आपल्याला फक्त एवढेच सांगावे लागते की, तुझा कर्मणी प्रयोग इथेही आहे, मात्र कर्म आधी येऊ दे.

‘असणे’ या अर्थाच्या ‘एत्र’ या साहाय्यकाने चालणाऱ्या क्रियापदांबाबतही असाच आधार सापडतो, पण अर्धाच. जाणे, येणे, पोहोचणे, चढणे, उतरणे, पडणे, जन्मणे, मरणे अशी काही मोजकी क्रियापदे आणि सगळी आत्मवाचक क्रियापदे ‘आव्हुआर’ऐवजी ‘एत्र’ घेतात, आणि त्यांचे धातुसाधित बहुधा कर्त्याप्रमाणे बदलते: ‘एल एते मोंते’, ती चढली होती, शेवटी जास्तीचा ई लावून. आता तिने स्वतः न चढता बॅगा वर नेल्या असतील तर? क्रियापद तेच, पण साहाय्यक बदलते: ‘एल आव्हे मोंते ले व्हालीझ’. इथे मराठी काय करते ते पाहावे. आपण ‘चढली होती’चे ‘तिने चढवल्या होत्या’ करतो. फ्रेंच साहाय्यक बदलते, मराठी क्रियापद बदलून कर्त्याला ‘ने’ लावते, आणि दोघींना सांगायचे असते ते एकच, की कृती कर्त्यापाशी थांबली नाही, दुसऱ्या कशावर तरी गेली. उतरणे आणि उतरवणे यांचेही तसेच. यावरून ‘ने’ नसेल तिथे सरळ ‘एत्र’ लावावे असा निष्कर्ष मात्र काढू नये. ‘ती झोपली होती’ आणि ‘ती बोलली होती’ यांत आपल्याकडे ‘ने’ नाही, पण फ्रेंचमध्ये दोन्हीकडे ‘आव्हुआर’च लागते. ती मोजकी यादी पाठच करावी लागते. तिला पर्याय नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकू शिकायला आल्या. वय सदुसष्ट. मुलगी आणि जावई तुलूझला, आणि सात वर्षांची नात मराठी समजते पण बोलते फ्रेंच. बुधवारी दुपारी शाळा नसते तेव्हा फोन कर, असे नातीने सांगितले होते आणि काकूंनी गुरुवारी केला. स्क्रीनवर नात कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मे ज त लाव्हे दी, आजी!’ दुसऱ्या दिवशी काकू वर्गात आल्या त्या हे वाक्य एका पावतीच्या मागे देवनागरीत लिहून घेऊनच.

“अगं, हे ‘लाव्हे दी’ म्हणजे काय?”

“काकू, तुम्हीच सांगा. कशी म्हणाली ती?”

काकूंनी कमरेवर हात ठेवले, भुवया वर केल्या आणि तसेच म्हणून दाखवले. मग स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे ‘मी तुला सांगितलं होतं’!”

बरोबर तेच. ‘सांगणे’चे फ्रेंच क्रियापद अनियमित आहे आणि ते त्यांना शिकवायला अजून अवकाश होता, पण काळ त्यांनी सुरावरून ओळखला. आपल्या घरांतून आई, आजी, बहीण ज्या सुरात ‘सांगितलं होतं’ म्हणतात, त्या सुरात दोन खुंटे आपोआप असतात: तुझी चूक घडली तो एक, आणि त्याच्याही आधी मी बजावले तो दुसरा. म्हणून मी आता हा धडा मंडईच्या वाक्याने सुरू करत नाही, या वाक्याने सुरू करते. ‘कशाच्या आधी?’ असे विचारले की सगळा वर्ग एका आवाजात उत्तर देतो.

त्याच आठवड्यात काकूंनी नातीची समजूत काढण्यासाठी एक वाक्य लिहायला घेतले: मी बुधवारी फोन केला असता तर आपण जास्त वेळ बोललो असतो. मराठीत दोन्ही अंगांना ‘असता’ आणि ‘असतो’, म्हणून त्यांनी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे संकेतार्थी रूप लिहिले. फ्रेंचमध्ये ‘जर’च्या, म्हणजे ‘सी’च्या, पोटात ते रूप चालत नाही. तिथल्या मुलांना ‘ले सी नेम पा ले रे’ असे म्हणून दाखवतात, सीला ‘रे’ने संपणारी रूपे आवडत नाहीत. न घडलेल्या भूतकाळासाठी ‘सी’ला लागतो तो प्ल्युस-क-पार्फेच: ‘सी जाव्हे तेलेफोने मेर्क्रेदी’. जे प्रत्यक्ष घडून गेले त्यासाठी आणि जे घडायला हवे होते पण घडले नाही त्यासाठी फ्रेंच एकच रूप वापरते. आपण तिथे ‘होते’ सोडून ‘असते’कडे जातो. मला विचाराल तर या एका ठिकाणी मराठी अधिक नेमकी आहे, कारण ‘केला होता’ आणि ‘केला असता’ यांतला फरक ती शब्दातच दाखवते. फ्रेंचला त्यासाठी ‘सी’वर विसंबावे लागते.

दिवाळीच्या आधी काकूंनी फराळाचे पार्सल तुलूझला पाठवायचे ठरवले आणि त्यात नातीसाठी फ्रेंचमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी ठेवायची होती. पहिलेच वाक्य त्यांनी मला न विचारता लिहून आणले होते: मे महिन्यात तू पुण्याला आली होतीस तेव्हा खाल्ल्या होत्यास त्या चकल्या. ‘ले चकली क त्यू आव्हे माँझे’, आणि पुढे बाकीचे. ‘माँझे’ हे ‘पार्ले’सारखेच पहिल्या गणातले. तिरकी मात्रा जागेवर होती, ‘आव्हे’च्या शेवटी तूसाठीचा एस होता. मी काही बोलायच्या आत काकूंचे बोट ‘माँझे’वर थांबले.

“चकल्या आधी आल्यात की नाही? मग याला काहीतरी लागेल ना?”

“लागेल. पण फ्रेंचमध्ये चकली पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, ते तुम्ही ठरवा.”

“त्यात काय ठरवायचंय? ती चकली.” काकूंनी पेनाचे टोपण काढले, तिरकी मात्रा दिलेल्या ईपुढे आधी दुसरा ई लिहिला, मग एस, आणि शाई वाळावी म्हणून कागदावर हलकेच फुंकर घातली.